पॅसिफिक ओलांडण्याचे नियोजन: या चुका टाळा

शीडनौकेतून पॅसिफिक महासागर ओलांडण्याचा बेत आखताना बहुतेक जण आधी नकाशावर अंतर मोजतात आणि पहिली चूक तिथेच होते. गालापागोसपासून फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांपर्यंत सुमारे ३,००० सागरी मैल समुद्र आहे. दिवसाला सव्वाशे मैल धरले तर हा टप्पा चोवीस दिवसांचा होतो. हिशेब बरोबर आहे, पण या प्रवासाची मर्यादा अंतराने ठरत नाही, ती ऋतूने ठरते. दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस नौका कोणत्या सुरक्षित जागी असेल हे आधी ठरवावे आणि तिथून एकेक महिना मागे मोजत निघण्याच्या तारखेपर्यंत यावे.

असे उलटे मोजले की न दिसणारे दिवस दिसू लागतात. टोंगा किंवा फिजीहून न्यूझीलंडला जाण्याचा टप्पा हजार-अकराशे सागरी मैलांचाच आहे, पण त्या वाटेवर कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडून एकामागून एक सरकत असतात आणि अनुकूल हवामानाची वाट पाहण्यात दोन आठवडे सहज जातात. हे दिवस वेळापत्रकात नसतील, तर हंगामाच्या तोंडावर वाईट हवामानात निघण्याचा मोह होतो. उशीर झालाच असेल, तर वेग वाढवण्याच्या नादी न लागता वाटेतली बेटे वगळावीत. ती पुढच्या वर्षीही तिथेच असतील. एल निनोच्या वर्षी अधिक सावध राहावे. एरवी चक्रीवादळे फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत फारशी पोहोचत नाहीत, पण १९८२-८३ मध्ये तिथे एकापाठोपाठ एक वादळे आदळली होती.

तारखांबाबत आणखी एक चूक होते. एखाद्या बेटावर अमुक दिवशी भेटू असे सांगून पाहुण्यांची विमानाची तिकिटे काढली, की नौकेचा निर्णय हवामानाच्या हातून तिकिटाच्या हाती जातो. पाहुण्यांना दिवस सांगावा किंवा ठिकाण सांगावे. दोन्ही एकदम सांगू नयेत. त्यातच आंतरराष्ट्रीय वाररेषेचा घोळ असतो. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवस गाळून रेषेची बाजू बदलली, तर शेजारचा अमेरिकन सामोआ पूर्वीच्याच बाजूला राहिला. त्यामुळे जवळजवळ असलेल्या या दोन बेटसमूहांत एका दिवसाचा फरक आहे.

कागदपत्रे

फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सचा भाग असला, तरी शेंजेन क्षेत्रात (युरोपातील देशांच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात) मोडत नाही, त्यामुळे ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी शेंजेन व्हिसावर विसंबून निघू नये. नौकेच्या तळाकडेही असेच दुर्लक्ष होते. गालापागोसमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये तळावर चिकटलेल्या शंख-शेवाळाबाबत कडक नियम आहेत आणि तळ अस्वच्छ आढळल्यास नौकेला पुन्हा समुद्रात जाऊन तो साफ करावा लागू शकतो. न्यूझीलंडला पोहोचण्याच्या किमान ४८ तास आधी सूचना द्यावी लागते. शिवाय प्रत्येक देश सोडताना मिळालेला निर्गमनाचा दाखला जपावा, कारण पुढच्या बंदरात सर्वप्रथम तोच मागतात.

तीन आठवडे एकच हालचाल

व्यापारी वाऱ्यांतला, म्हणजे पूर्वेकडून सतत वाहणाऱ्या वाऱ्यांतला, प्रवास सुखाचा असतो या समजुतीने नौकेची तयारी अपुरी राहते. वारा पाठीशी असतो हे खरे, पण नौका रात्रंदिवस डुलत असते आणि तोच दोर त्याच कप्पीवर लाखो वेळा घासतो. दोर तुटल्यावर तो बदलण्यापेक्षा रोज सकाळी डोलकाठीपासून सुकाणूपर्यंत फेरी मारावी आणि जिथे तंतू उसवलेले दिसतील तिथे दोर हातभर पुढे-मागे सरकवावा, म्हणजे घासण्याची जागा बदलते. शीड आडव्या दांड्यांना टेकत असेल, तर तिथे आधीच जाड ठिगळ लावावे.

स्वयंचलित सुकाणू बंद पडण्याची वेळ येतेच, असे धरून चालावे. दोघांनी तीन आठवडे हाताने सुकाणू धरणे ही थकवणारी गोष्ट आहे आणि थकव्यातून पुढच्या चुका होतात. वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र हा मला सर्वांत भरवशाचा पर्याय वाटतो, कारण त्याला वीज लागत नाही. विजेचे यंत्र वारंवार बंद पडत असेल, तर दोष यंत्रात शोधण्यापूर्वी शिडे पाहावीत. शिडांचा तोल बिघडला की सुकाणूवर सतत ताण येतो आणि यंत्र त्यानेच दमते.

पाण्याबाबत एकच सांगणे आहे: खाऱ्याचे गोडे करणारे यंत्र असले, तरी ते नाही असे समजून पुरेल इतके पिण्याचे पाणी दोन वेगळ्या टाक्यांत भरावे. आणीबाणीचा ४०६ मेगाहर्ट्झचा संकेतदीप (संकटात उपग्रहामार्फत मदत मागणारे यंत्र) स्वतःच्या नावे नोंदवलेला असावा आणि त्याच्या बॅटरीची मुदत संपूर्ण प्रवासाच्या पुढची असावी.

प्रवाळद्वीपांजवळ

सर्वांत महागात पडणाऱ्या चुका खुल्या समुद्रात होत नाहीत, त्या तुआमोतूसारख्या कंकणाकृती बेटांपाशी होतात. ही बेटे इतकी सखल आहेत की जवळ येईपर्यंत माडांचे शेंडेच काय ते दिसतात. खारकच्छात, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या आतल्या पाण्यात, शिरण्याच्या वाटा अरुंद असतात आणि त्यांतल्या ओघाची वेळ केवळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून कळत नाही: मोठ्या लाटा प्रवाळभिंतीवरून आत पाणी ओतत राहतात आणि ते सारे त्या वाटेने बाहेर पडते, त्यामुळे तक्त्यात भरती असतानाही पाणी बाहेर धावत असू शकते. वाटेच्या तोंडाशी उभ्या लाटा दिसल्या, तर बाहेर थांबावे. सूर्य डोक्यावर आणि पाठीशी असतानाच आत जावे, कारण तेव्हाच पाण्याखालचा प्रवाळ दिसतो. संध्याकाळी पोहोचलात, तर शिडे कमी करून बेटापासून दूर रात्र काढावी.

इलेक्ट्रॉनिक नकाशा लहान प्रमाणात, म्हणजे मोठा भाग एकदम दिसेल असा, पाहिला की खडक त्यातून नाहीसे होतात. २०१४ मध्ये हिंदी महासागरात एक निष्णात स्पर्धक नौका याच कारणाने प्रवाळभिंतीवर चढली होती, म्हणून प्रत्येक टप्पा नकाशा मोठा करून संपूर्ण तपासावा.

नांगर टाकल्यावर वारा फिरला, तर साखळी प्रवाळखडकांना वेढे घालते. साखळीला ठरावीक अंतरावर तरंगे बांधून तिचा मधला भाग तळापासून वर राखावा. साखळी मोकळी राहते आणि प्रवाळही मोडत नाही. अडकलीच, तर यंत्राने ओढू नये. एकाने पाण्यात उतरून वेढ्याची दिशा पाहावी आणि दुसऱ्याने नौका त्याच्या उलट दिशेने हळूहळू फिरवावी.