कंटेनरमधला टेस्ट डेटाबेस: या चुका टाळा

डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी फाइल) डेटाबेसचा पासवर्ड बदलला, कंटेनर (प्रोग्राम वेगळा चालवणारी बंदिस्त पेटी) पाडून पुन्हा उभा केला, तरी लॉगिन होईना. यात माझी अख्खी दुपार गेली आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसची इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) पासवर्ड, डेटाबेसचं नाव आणि इनिट स्क्रिप्ट (सुरुवातीची मांडणी करणाऱ्या स्क्रिप्ट) या गोष्टी डेटा डिरेक्टरी रिकामी असेल तरच बघते. कंटेनर गेला तरी नाव दिलेला व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा जपणारी जागा) तिथेच असतो, जुन्या पासवर्डसकट. 'डॉकर कंपोज डाउन' त्याला हात लावत नाही. सोबत 'डॅश व्ही' द्यावं लागतं. टेस्टच्या डेटाला व्हॉल्यूम हवाच कशाला, हा खरा प्रश्न. डेटा डिरेक्टरी टीएमपीएफएसवर, म्हणजे मेमरीत ठेवा. दरवेळी कोरी पाटी, आणि वेगही वाढतो.

इमेजला 'लेटेस्ट' टॅग, म्हणजे 'जी सर्वांत नवी असेल ती आवृत्ती', लावू नका. आवृत्ती १६ च्या डेटावर १७ चा सर्व्हर सुरूच होत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी. टेस्ट कधी पास, कधी 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. मग कोणीतरी स्क्रिप्टमध्ये 'स्लीप १०' घालतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. कंपोजमधलं नुसतं 'डिपेंड्स ऑन' कंटेनर सुरू होण्याची वाट बघतं, डेटाबेस तयार होण्याची नाही. त्यासाठी हेल्थचेक (डेटाबेस तयार आहे का हे पुन्हा पुन्हा विचारणारी तपासणी) आणि 'सर्व्हिस हेल्दी' ही अट लागते. तरीही एक खाच उरते. पहिल्यांदा उठताना पोस्टग्रेस एक तात्पुरता सर्व्हर चालवतो, इनिट स्क्रिप्ट उरकतो, तो बंद करतो आणि मग खरा सर्व्हर सुरू करतो. लॉगमध्ये 'रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स' दोनदा दिसतं ते यामुळेच. तात्पुरता सर्व्हर फक्त युनिक्स सॉकेटवर (नेटवर्कशिवाय, त्याच कंटेनरच्या आतून जोडण्याची वाट) ऐकतो, आणि होस्ट (पत्ता) न दिलेलं 'पीजी इज रेडी', म्हणजे हेल्थचेकमध्ये वापरतात ती कमांड, त्यालाच विचारून 'तयार' म्हणून मोकळं होतं. हेल्थचेकमध्ये होस्ट १२७.०.०.१ द्या.

पोर्टचा घोळ नेहमीचाच. मशीनवर आधीच पोस्टग्रेस असेल तर त्याचा नेहमीचा पोर्ट ५४३२ अडलेला असतो, म्हणून आपण मशीनचा ५४३३ कंटेनरच्या ५४३२ ला जोडतो. पण तो बाहेरून येणाऱ्यासाठी. शेजारच्या कंटेनरमधून सर्व्हिसचं नाव आणि ५४३२ हेच चालतं. तिथे 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर स्वतः.

प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं) करत असाल तर उत्तम. फक्त सीक्वेन्स, म्हणजे पुढचा आयडी देणारा आकडा, रोलबॅक होत नाही. 'पहिल्या ग्राहकाचा आयडी १' असं गृहीत धरलेली टेस्ट एकटी चालवली की पास होते, सगळ्यांबरोबर चालवली की आपटते.