दाढीच्या साबणाचा सुगंध फेसात कसा उतरवावा

दाढीच्या साबणाची कोरडी वडी नाकाशी धरली तर जो वास येतो तो अर्धाच असतो. गरम पाणी, ब्रश आणि थोडी हवा मिळाली की तोच साबण वेगळा दरवळतो. या छंदातला मला सर्वांत प्रिय भाग हाच. सकाळची पंधरा मिनिटं काढता येत असतील तर तो कुणालाही साधेल.

आधी गंध ओळखा

पहिला साबण घेताना ब्रँडपेक्षा गंधाचं घराणं बघा. पाश्चात्त्य सलूनचा म्हणून जो वास ओळखला जातो, तो बहुधा ‘फूजेर’ घराण्यातला. १८८२ साली पॅरिसच्या हूबिगां या अत्तरघराने ‘फूजेर रोयाल’ आणलं आणि या घराण्याला नाव मिळालं. त्यात लॅव्हेंडर, वाळल्या गवतासारखा गोडसर कूमारिन आणि ओकच्या खोडावर वाढणारं ओकमॉस असतं. ओकमॉस म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या कुळातलंच. मसाला भाजताना दगडफूल हुंगलेल्या माणसाला ओकमॉसचा मातकट, ओलसर वास अनोळखी वाटणार नाही. डबीवर ‘व्हेटिव्हर’ लिहिलं असेल तर तो आपला वाळा आणि ‘पॅचौली’ म्हणजे पाच नावाची आपली सुवासिक वनस्पती. हे गंध आपल्या घरातलेच आहेत, म्हणून ते वाचून बिचकू नका.

नवशिक्याला मी इटलीचा प्रोरासो सुचवतो. तो बनवणाऱ्या फ्लॉरेन्सच्या मार्तेल्ली घराची सुरुवात १९०८ची. हिरव्या डबीत निलगिरी आणि मेंथॉल, लाल डबीत चंदन. मे महिन्यात हिरवा लावून पाहा, गालावर गारवा पसरतो. थंडीत मात्र तोच नकोसा होतो, तेव्हा लाल बरा. पावडरीसारखा, जुन्या वळणाचा वास आवडत असेल तर जर्मनीचा टबॅक बघा.

त्वचा नाजूक असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडा फेस लावून धुवा आणि एक दिवस थांबा. खाज आली किंवा लाली उठली तर तो साबण तोंडाला लावू नका.

पाणी

इथेच बहुतेकांचं बिनसतं. बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून पांढरा चोथा होतो, फेस धरत नाही आणि फेसच नाही तर सुगंध कुठून उठणार? आमच्याकडेही बोअरचंच पाणी आहे. कित्येक दिवस मी साबणालाच दोष देत होतो. मग फिल्टरचं कपभर पाणी कोमट करून घेतलं आणि त्याच वडीने ब्रश भरभरून फेसाळला. ब्रश आणि साबणासाठी एवढं एक कप पुरतं, तोंड धुवायला नळाचं पाणी चालेल.

फेस

अंघोळीला जाण्यापूर्वी वडीवर चमचाभर गरम पाणी घालून ठेवा. ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर तोही भिजत घाला, सिंथेटिक असेल तर नुसता ओला केला तरी पुरे. अंघोळीहून आलात की वडीवरचं ते दुधाळ, सुगंधी पाणी फेकू नका, दाढीवर चोळा. पहिला दरवळ तिथेच मिळतो.

आता ब्रश झटकून वडीवर अर्धा मिनिट गोल फिरवा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतील, मग ब्रशच्या टोकांवर घट्ट लेप धरेल. तो आला की थेट गालावर या. वाटीतही फेस होतो, पण गालावर केलेला फेस नाकाखालीच असतो आणि त्वचेच्या उबेने वास खुलतो. ब्रशची टोकं पाण्यात नुसती टेकवायची, पुन्हा फिरवायचं, पुन्हा टेकवायची. दोनेक मिनिटांनी फेसाला घोटलेल्या दह्यासारखी चकाकी येते. कोरडा, उडता फेस दिसला तर अजून पाणी हवं. गालावरून ओघळू लागला तर पाणी जास्त झालं, वडीवर ब्रश पुन्हा फिरवा.

इथे थांबा. ब्लेड लगेच उचलू नका. मिनिटभर फेस तसाच राहू द्या, केस मऊ होतात आणि गंधाचा दुसरा पदर वर येतो.

दाढी

पहिला हात सुलटा, केस वाढतात त्या दिशेने, दाब न देता. मग पुन्हा फेस लावा आणि आडवा हात मारा. मला दुसऱ्या वेळचा फेस अधिक सुवासिक वाटतो. उलटा हात सोसत असेल तरच मारा.

नंतर गार पाणी आणि ओली तुरटी. तुरटीला स्वतःचा वास नसल्यामुळे साबणाचा गंध मागे रेंगाळतो. आफ्टरशेव्ह लावायचंच असेल तर त्याच घराण्यातलं किंवा बिनवासाचं घ्या. चंदनावर लिंबाचं लावलं की दोन्ही वाया जातात.

साबण जपा

एकच साबण रोज वापरला की नाक त्याला सरावतं, म्हणून दोन-तीन आलटून पालटून वापरा. डबी ओली असताना झाकण लावू नका. एका पावसाळ्यात मी ही चूक केली होती आणि आठवड्यानंतर चांगल्या वडीला आंबूस वास मारत होता. वडी वाऱ्यावर वाळू द्या, मगच झाका. ब्रश धुऊन, झटकून, केस खाली करून टांगा.