आधी बिअर, मग रस्सा : सांगलीच्या परमिट रूममध्ये नीट कसे बसावे

सांगलीकराचा पब म्हणजे परमिट रूम, आणि चांगल्या परमिट रूमची खरी ओळख तिच्या भटारखान्यावरून पटते. तरीही अनेकांची गल्लत एकाच ठिकाणी होते : बिअर आणि तांबडा रस्सा एकदमच टेबलावर येतात. तिखटाने पोळलेल्या जिभेला बिअरमधला कर्बवायू आणि अल्कोहोल अधिकच झोंबतात, चवीपैकी कडवटपणा तेवढा उरतो आणि आग विझवायची म्हणून माणूस आणखी एक बाटली मागवून बसतो. म्हणून बिअर संपेपर्यंत रस्सा टेबलावर येऊ देऊ नये.

घरी परतण्याची सोय निघण्यापूर्वीच करावी. वाहन चालवताना 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे मिरजेहून येणाऱ्यानेही दुचाकी घरीच ठेवून रिक्षा करावी. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात, हेही सोबतच्या तरुण भाच्या-पुतण्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

जेवणाबरोबर माइल्ड घ्यावी. स्ट्राँगमधले अल्कोहोल 8 टक्क्यांपर्यंत असू शकते, तिचा गोडसर जडपणा पदार्थांवर कुरघोडी करतो आणि भूकही मारतो. एकट्याने 650 मिलिलिटरची मोठी बाटली उघडली, तर एप्रिल-मेच्या उकाड्यात तिचा शेवटचा तिसरा हिस्सा कोमट होऊन जातो. त्यापेक्षा 330 मिलिलिटरची पिंट घ्यावी किंवा मोठी बाटली दोघांत वाटावी. झाकण काढू देण्याआधी लेबलावरची तारीख पाहावी, कारण साधी लागर बिअर जुनी होऊन सुधारत नाही, फिकी पडते. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उजेडात राहिली, तर हॉप्समधील (म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांमधील) घटकांवर प्रकाशाची क्रिया होऊन तिला उग्र, गंधकासारखा वास येतो. तपकिरी काच यापासून बराच बचाव करते. ‘एकदम चिल्ड’ हा आग्रह मात्र मला पटत नाही, कारण बर्फगार बिअरने जीभ बधिर होते आणि मग कोणतीही बिअर सारखीच लागते.

ग्लासकडे सहसा कोणी पाहत नाही, पण निम्मी गंमत तिथेच जाते. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिलेल्या ग्लासात फेस टिकत नाही आणि आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहतात. तसे दिसल्यास ग्लास बदलून मागावा, गार पाण्याने विसळावा, तिरका धरून बिअर ओतावी आणि शेवटी सरळ करून दोन बोटे फेस येऊ द्यावा. हॉप्सचा सुवास त्या फेसातूनच नाकाशी येतो.

चकण्याची सुरुवात खाऱ्या शेंगदाण्यांनी किंवा आपल्याकडच्या लसणाच्या भडंगाने करावी. मिठामुळे कडवटपणा बोथट होतो आणि बिअरमधला धान्याचा गोडवा पुढे येतो. भडंग तिखट असेल तर काकडीचे काप जोडीला ठेवावेत. त्यानंतर तळलेले काहीतरी, उदाहरणार्थ कुरकुरीत बोंबील, मागवावे, कारण बिअरचे बुडबुडे आणि कडवटपणा तोंडातला तेलकटपणा साफ करतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. सर्वांत चांगली जोडी मात्र तंदुरी कोंबडीची. बिअरचे सातू मोड आणून भट्टीत वाळवलेले असतात, आणि भाजण्याने येणारी तीच खमंग चव कोंबडीच्या करपलेल्या कडांनाही असते. सुके मटण घ्यायचेच असेल, तर ‘कमी तिखट’ असे स्पष्ट सांगावे. गाववाल्यांच्या देखत असे सांगताना थोडा संकोच होतो, पण तो गिळावा.

शेवटचा अर्धा ग्लास उरला, की वेटरला जेवण सांगावे, म्हणजे भाकऱ्या थापून होईपर्यंत पाणी पिण्यास आणि जीभ निवण्यास पंधरा-वीस मिनिटे मिळतात. पहिली वाटी पांढऱ्या रश्श्याची घ्यावी, कारण नारळाच्या दुधाच्या स्निग्धतेने उरलेला कडवटपणा निघून जातो, आणि मग ज्वारीची गरम भाकरी चुरून तिच्यावर तांबडा ओतावा.