सायबर सिक्युरिटीचा शेअर घ्यायच्या आधी काय पाहायचं

आमच्या नागपुरात सध्या जो तो एकच विचारून राहिला, की डिजिटल अरेस्ट वाढलं, हॅकिंग वाढलं, मग सायबर सिक्युरिटीचे शेअर पण वाढतीलच ना? भाऊ, चोऱ्या वाढल्या म्हणून प्रत्येक कुलूपवाला श्रीमंत होत नाही.

स्फोटकं बनवणाऱ्या सोलर इंडस्ट्रीजचं बरं आहे, बाजारगावकडं गेलं की कारखाना तरी दिसते. इथं दिसायला काहीच नाही, म्हणून पहिले हे पाहायचं की जुना ग्राहक पुढच्या वर्षी परत पैसे भरते का. अमेरिकन कंपन्यांच्या रिझल्टमध्ये याला, म्हणजे जुन्या ग्राहकांचे किती टक्के पैसे टिकले त्याला, ग्रॉस रिटेन्शन म्हणतात. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सायबर सिक्युरिटी कंपनीचंच घ्या, 19 जुलै 2024 ला त्यांच्या एका खराब अपडेटनं जगभरात अंदाजे 85 लाख विंडोज मशीन बंद पडल्या, विमानं अडकली, शेअर आपटला, तरी त्यानंतर ग्रॉस रिटेन्शन 97 टक्के! कारण हजारो कॉम्प्युटरमधून एक सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकायचं म्हणजे आयटीवाल्यांचा जीव जाते.

मग नफा. याच कंपनीचा जानेवारी 2025 ला संपलेल्या वर्षाचा फ्री कॅश फ्लो, म्हणजे सगळा खर्च भागवून हातात उरलेली रोख, 1 अब्ज डॉलरच्या वर, आणि नफा-तोटा पत्रक पाहावं तर निव्वळ तोटा. हे कसं काय? एक तर सबस्क्रिप्शनचे पैसे आगाऊ येतात, आणि दुसरं म्हणजे कर्मचाऱ्यांना पगारासोबत शेअर वाटतात, त्यात रोख जात नाही पण तुमचा हिस्सा कमी होते. मी तर तो खर्च कॅश फ्लोमधून सरळ वजा करतो, मग जे उरते त्यावर भाव महाग की स्वस्त ते ठरवतो.

आपल्याकडं पुण्याची अँटीव्हायरसवाली क्विक हील आहे, 2016 चा आयपीओ, 321 रुपयाला एक शेअर. विंडोजसोबत मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर अँटीव्हायरस फुकटच येते, त्यामुळं घरगुती अँटीव्हायरसपेक्षा कंपन्यांना विकतात तो सेक्राइट किती वाढून राहिला ते पाहा. आणि उधारी किती दिवसांनी वसूल होते तेही. बर्डीवरच्या कॉम्प्युटर दुकानदाराला रिन्यूअलचं विचारलं तरी बरंच कळते.

सगळे पैसे एकदम टाकू नका बे. फेब्रुवारी 2024 मध्ये पालो अल्टो या अमेरिकन सायबर सिक्युरिटी कंपनीनं पुढच्या विक्रीचा अंदाज कमी केला, तर शेअर एका दिवसात 28 टक्के खाली.

आणि अमेरिकन शेअर एक जरी घेतला तरी इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागते, तेही कॅलेंडर वर्षाच्या हिशोबानं, म्हणून सीएला आधीच सांगून ठेवा.