समुदायासोबत काम शिकताना: विद्यार्थ्याने आधी करावयाची तयारी

विद्यापीठातील विद्यार्थी एखाद्या वस्तीत किंवा गटासोबत काम करायला निघतो, तेव्हा त्याची तयारी बहुधा प्रश्नावली, ओळखपत्र आणि प्रवासाची सोय यांपाशी थांबते. या गोष्टी लागतातच आणि त्या एका दुपारी उरकतात. समुदायासोबत काम करण्याचे कौशल्य ज्या तयारीतून घडते, ती मात्र बरीच आधी सुरू करावी लागते. पुढील बाबी साधारणपणे ज्या क्रमाने समोर येतात त्या क्रमाने मांडल्या आहेत. प्रत्येक बाबीपाशी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: इथला निर्णय कोणाचा आहे?

सर्वप्रथम, आपल्या प्रकल्पात लोकांच्या हाती नेमके काय असणार आहे, हे मार्गदर्शक प्राध्यापकांसोबत बसून ठरवावे. यासाठी अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये मांडलेली नागरिकांच्या सहभागाची शिडी आजही उपयोगी पडते. तिला आठ पायऱ्या आहेत. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग मुळीच नसतो, केवळ त्याचा आभास असतो. मधल्या तिन्हींवर लोकांना माहिती दिली जाते, त्यांचे मत विचारले जाते आणि त्यांची समजूत काढली जाते, पण निर्णय दुसरीकडेच होतो. वरच्या तीन पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेले अधिकार आणि अखेरीस नागरिकांचे प्रत्यक्ष नियंत्रण येते. एका सत्रात बसणारे विद्यार्थ्यांचे बहुतेक प्रकल्प मत विचारण्याच्या पायरीवरच असतात, आणि माझ्या मते त्यात कमीपणा काही नाही. विश्वास तुटतो तो मत विचारून त्याला भागीदारी म्हटल्यामुळे. म्हणून आपली पायरी एका वाक्यात लिहून ठेवावी आणि पहिल्याच भेटीत तेच वाक्य लोकांना सांगावे.

त्यानंतर वेळेचा हिशोब मांडावा. विद्यापीठाचे सत्र काही महिन्यांत संपते. लोकांचे काम, हंगाम, सण आणि अडचणी त्या वेळापत्रकानुसार चालत नाहीत. लंडनच्या गरीब पूर्व भागात १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल हे सेवाकेंद्र सुरू झाले आणि ऑक्सफर्ड व केंब्रिजमधील तरुण तिथे राहायलाच आले. शिकागोमध्ये १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी हल हाउस हे तसेच केंद्र स्थलांतरितांच्या वस्तीत सुरू केले, तेव्हा त्याही तिथेच राहिल्या. शेजारी म्हणून रोज दिसणाऱ्या माणसाशी होणारे बोलणे पाहुण्याशी होत नाही, ही समज त्या कामाच्या मुळाशी होती. आजच्या विद्यार्थ्याला तिथे राहणे बहुधा शक्य नसते. त्याने निदान ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जावे आणि येणे जमणार नसेल तर आधी कळवावे. परीक्षेच्या आठवड्यात आपण दिसणार नाही, हेसुद्धा सुरुवातीलाच सांगण्याजोगे आहे.

जाण्यापूर्वी वाचन करावे, आणि ते विषयाच्या पुस्तकांपुरते नसावे. जनगणनेची आकडेवारी, स्थानिक प्रशासनाचे अहवाल व अंदाजपत्रके, आणि विशेषतः याच ठिकाणी आधी येऊन गेलेल्या विद्यार्थ्यांचे अहवाल शोधावेत. जे कागदावर आधीच उपलब्ध आहे ते पुन्हा लोकांच्या तोंडून वदवून घेणे म्हणजे त्यांचा वेळ विनाकारण खर्च करणे होय. वाचताना उणिवांचीच यादी तयार होत जाते, म्हणून नोंदवहीत दुसरी यादीही जाणीवपूर्वक ठेवावी. जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट या अमेरिकी अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या समुदाय विकासाच्या पद्धतीचा आरंभच असा आहे की, समुदायाकडे काय नाही यापेक्षा काय आहे ते आधी पाहावे: लोकांच्या अंगची कौशल्ये, त्यांची मंडळे व गट, जवळपासच्या संस्था, मोकळ्या जागा. ही दुसरी यादी कागदपत्रांत सापडत नाही. पहिल्या काही भेटी तिच्यासाठीच राखून ठेवाव्यात.

संमतीच्या तयारीला सर्वांत अधिक वेळ द्यावा. आपल्या विद्यापीठात नैतिकता समिती, म्हणजे माणसांवरील संशोधन योग्य रीतीने होते का हे तपासणारी समिती, असेल तर तिची मंजुरी लागते का, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण गोळा करून झालेल्या माहितीला मागाहून मंजुरी मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही. अमेरिकेतील १९७९ च्या बेल्मॉन्ट अहवालाने माणसांवरील संशोधनासाठी तीन तत्त्वे सांगितली: व्यक्तीचा आदर, तिचे हित आणि न्याय. ती पाठ होणे सोपे आहे. ती मोडली की काय घडते, हे एका प्रकरणातून नीट समजते. अमेरिकेतील हवासुपाई जमातीच्या लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्ताचे नमुने दिले होते. पुढे तेच नमुने मानसिक आजार आणि जमातीचे मूळ व स्थलांतर अशा इतर विषयांच्या अभ्यासांत वापरले गेल्याचे त्यांना कळले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि २०१० मध्ये तडजोड होऊन नमुने जमातीला परत मिळाले. कागदावर सह्या होत्या, तरीही लोकांनी ज्या कामाला होकार दिला असे त्यांना वाटत होते ते काम आणि प्रत्यक्ष झालेले काम वेगळे होते. विद्यार्थ्याच्या मुलाखतींचेही असेच होऊ शकते. पाण्याच्या प्रश्नासाठी घेतलेली मुलाखत पुढे दुसऱ्याच निबंधात वापरायची असेल, तर पुन्हा विचारावे लागते.

म्हणून संमतीपत्र लोकांच्या बोलीत लिहावे, मोठ्याने वाचून दाखवावे, आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: माहिती कशासाठी हवी आहे, ती कोण पाहणार, ती किती काळ ठेवली जाणार आणि मध्येच माघार घेता येते का. आवाजाचे ध्वनिमुद्रण आणि छायाचित्र यांची परवानगी प्रत्येकी वेगळी घ्यावी. मुलांशी बोलायचे असल्यास पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार असे दोन्ही लागते. काही समुदायांमध्ये व्यक्तीच्या होकाराआधी गटाचा होकार अपेक्षित असतो. दक्षिण आफ्रिकेतील सान या मूळनिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच जाहीर केली आणि आदर, प्रामाणिकपणा, न्याय व काळजी यांसोबत त्यांनी ठरवलेली प्रक्रिया पाळण्याचा आग्रह त्यात धरला. आपण ज्यांच्याकडे जात आहोत त्यांची अशी काही रीत आहे का, हा प्रश्न पहिल्या ओळखीतच विचारावा.

आता संवादाच्या सरावाकडे वळू. हा सराव वर्गातच, तिघांच्या गटात करावा. एकाने बोलावे, एकाने विचारावे आणि तिसऱ्याने विचारणाऱ्याने किती वेळा मध्येच तोडले, किती प्रश्नांत उत्तर आधीच दडलेले होते, याची नोंद ठेवावी. ‘पाणी अपुरे येते का?’ या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज फारसे काही मिळत नाही; ‘काल दिवसभरात पाण्याची सोय कशी केली?’ असे विचारले की कोण किती वाजता उठले, कोणाच्या शाळेला उशीर झाला, कोणत्या शेजाऱ्याने मदत केली, हे सारे आपोआप येते. उत्तर संपल्यासारखे वाटले तरी थोडे थांबावे. पुष्कळदा महत्त्वाचे बोलणे त्या थांबण्यानंतरच येते. शेवटी ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगून ‘मला नीट समजले का?’ असे विचारावे. नोंदी त्याच दिवशी लिहाव्यात आणि त्यांचे तीन भाग ठेवावेत: लोकांनी त्यांच्या शब्दांत काय सांगितले, आपल्याला काय दिसले, आणि आपल्याला काय वाटले. हे तिन्ही एकत्र झाले की अहवालात आपलेच मत लोकांच्या नावावर जाते.

कोणाशी बोलायचे, याचीही आखणी लागते. ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, बाहेरून येणारा माणूस सहसा पक्क्या रस्त्यालगतच फिरतो, सोयीच्या हंगामात येतो, आधीच योजना चालू असलेली ठिकाणे पाहतो आणि पुढारी व पुरुष यांच्याशीच अधिक बोलतो. शहरातल्या कामालाही हे लागू पडते. भेटींची यादी आठवड्यातून एकदा या कसोटीवर तपासावी: रस्त्यापासून दूरच्या किती घरी गेलो, रात्रपाळी करणाऱ्यांना कधी भेटलो, सभेत गप्प राहिलेल्यांपैकी कोणाशी नंतर बोललो. गटाची बैठक घ्यायची असेल तर वेळ आणि जागा लोकांना ठरवू द्यावी, आणि शक्य असेल तिथे बोलण्याऐवजी जमिनीवर किंवा मोठ्या कागदावर वस्तीचा नकाशा काढायला सांगावा. अशा वेळी खडू त्यांच्या हातात द्यावा आणि आपण मागे सरावे. नकाशा चुकला असे वाटले तरी हात घालू नये; दुरुस्ती त्यांच्यातलेच कोणीतरी सुचवते, आणि त्यावरून होणारी चर्चा नकाशाइतकीच मोलाची असते.

स्वतःविषयीची तयारी थोडक्यात सांगतो. सुरुवातीला जोडीने जावे आणि कुठे जात आहोत ते मार्गदर्शकांना कळवावे. एखाद्या बालकावर किंवा व्यक्तीवर अत्याचार होत असल्याचे समजले तर कोणाला कळवायचे, हे आधीच लिहून घ्यावे, कारण त्या क्षणी शोधाशोध करायला अवकाश नसतो. प्रत्येक गोष्ट गुप्त ठेवू, असे वचन त्यामुळेच देऊ नये. मदतीची विनंती झाल्यास ‘हे माझ्या हातात नाही, पण विचारून पुढच्या भेटीत सांगतो’ असे म्हणावे, ते नोंदवहीच्या शेवटच्या पानावर टिपावे आणि उत्तर नकाराचे असले तरी ठरल्या दिवशी नेऊन द्यावे.

निरोपाची तयारी पहिल्या आठवड्यातच आखावी. प्रबंध सादर करण्यापूर्वी निष्कर्षांचे एक पानी टिपण लोकांच्या भाषेत लिहून त्यांना वाचून दाखवावे आणि त्यांच्या दुरुस्त्यांसाठी निदान दोन आठवडे हाती ठेवावेत. कोणाचे नाव छापायचे आणि कोणाचे वगळायचे, हे ज्याचे त्याला विचारावे, कारण काहींना ओळख लपवणे हवे असते, तर काहींना आपल्या श्रमाचे श्रेय. लोकांनी काढलेला मूळ नकाशा त्यांच्याकडेच ठेवून आपण छायाचित्र घ्यावे. अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींची यादी दोन प्रतींत करावी. एक प्रत समुदायाने नेमलेल्या व्यक्तीकडे द्यावी. दुसरी विभागात, पुढच्या तुकडीच्या हाती पडेल अशा ठिकाणी ठेवावी, म्हणजे त्यांना तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागणार नाहीत.