रेबीजचा सीमापार माग: नकाशावर बाण काढण्याआधी या चुका टाळा

सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर पिसाळलेला कुत्रा मरतो, त्याच्या विषाणूचा सिक्वेन्स (जनुकीय अक्षरांचा क्रम) पलीकडच्या डांगमधल्या कुत्र्याशी जुळतो, आणि लगेच नकाशावर गुजरातकडून नाशिककडे बाण काढला जातो. भारत-नेपाळ किंवा भारत-भूतान सीमेवर असाच बाण काढला, तर तो दोन देशांच्या लसीकरणाच्या आराखड्यात जाऊन बसतो. चुकीच्या बाणाचा दोष सॉफ्टवेअरला दिला जातो, पण चूक बऱ्याचदा त्याआधीच झालेली असते: नमुन्याच्या डबीत, पीसीआरच्या (जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या) टेबलावर किंवा नोंदवहीत.

डबीतली चूक

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याचं डोकं दुपारभर गाडीच्या डिकीत राहिलं, की मेंदूचा लगदा होतो. अशा नमुन्यावर चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी विषाणू शोधणाऱ्या फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणीचा भरवसा उरत नाही. आरटी-पीसीआर (विषाणूच्या जनुकीय आरएनएची आधी डीएनए प्रत काढून केलेली पीसीआर) अनेकदा चालते, पण लांब तुकडे वाढत नाहीत. डोकं दोन पिशव्यांत गुंडाळून बर्फात ठेवा. त्यापेक्षा बरं म्हणजे मेंदूचा तुकडा जागेवरच काढून आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात बुडवा.

कवटी फोडायची सोय नसेल तर मानेच्या बाजूच्या छिद्रातून साधारण ५ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी डोळ्याच्या दिशेने फिरवत सरकवा. तिच्यात मेंदूचा देठ आणि लहान मेंदू आला पाहिजे. नुसता वरचा मेंदू आला तर निगेटिव्ह निकालाला अर्थ नाही. हे काम लस घेतलेल्या माणसानेच, हातमोजे, मास्क आणि गॉगल लावून करायचं.

५० टक्के ग्लिसरीन-सलाइन चालतं, मात्र चाचणीआधी ते धुऊन काढावं लागतं. फॉर्मलिन टाळा. त्यात आरएनएचे तुकडे होतात आणि उरलेलं प्रथिनांशी चिकटून बसतं, म्हणजे वंशवृक्षापुरता (विषाणूंची नाती दाखवणाऱ्या आलेखापुरता) तो नमुना गेलाच. बाटलीवरचं नाव मार्करने लिहिलं तर स्पिरिटने पुसलं जातं. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी बाहेरच्या पिशवीतही ठेवा. क्षुल्लक वाटेल, पण दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल नकाशावर हुबेहूब ‘सीमा ओलांडल्या’सारखी दिसते.

चावा झालेल्या माणसाचे उपचार मात्र या कशासाठीही थांबवायचे नाहीत. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुणं, लस आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) लगेच. सिक्वेन्सचा त्या निर्णयाशी संबंध नाही.

पीसीआरच्या टेबलावर

रेबीजच्या विषाणूचा आरएनए ऋण धाग्याचा (प्रथिनांची कृती सांगणाऱ्या एमआरएनएला पूरक), साधारण १२,००० अक्षरांचा असतो आणि त्यात एन, पी, एम, जी, एल ही पाच जनुकं असतात. धागा ऋण असल्यामुळे सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत, बनवताना रँडम हेक्झामर (कुठेही चिकटणारे सहा अक्षरी तुकडे) किंवा जीनोमला (विषाणूच्या पूर्ण आरएनएला) चिकटणारा प्रायमरच (प्रत सुरू करून देणारा छोटा तुकडा) हवा. सवयीने एमआरएनएच्या शेपटीला चिकटणारा ऑलिगो-डीटी वापरला तर मुख्यतः विषाणूचे एमआरएनए हाती लागतात आणि पूर्ण जीनोमचा धागा निसटतो.

निदानासाठी वापरली जाणारी एलएन-३४ ही रिअल-टाइम चाचणी उत्तम आहे, पण तिचा तुकडा अगदी छोटा आणि मुद्दाम न बदलणाऱ्या भागातला आहे. त्यावरून वंशवृक्ष काढू नका. ‘आहे की नाही’ एवढंच तिला विचारा.

सर्वांत लाजिरवाणी चूक पॉझिटिव्ह कंट्रोलची, म्हणजे चाचणी नीट चालते का ते बघायला ठेवलेल्या ज्ञात विषाणूची. बऱ्याच प्रयोगशाळांत कंट्रोल म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेला सीव्हीएस-११ किंवा पाश्चर जातीचा विषाणू असतो. सिन्नरच्या कुत्र्याचा सिक्वेन्स वंशवृक्षात या दोघांच्या शेजारी बसला, तर परदेशातून आलेला विषाणू सापडला म्हणून हुरळून जाऊ नका. भारतातल्या कुत्र्यांत प्रामुख्याने आर्क्टिक-सदृश शाखेचे विषाणू फिरतात, तर दक्षिणेकडे आणि श्रीलंकेत भारतीय उपखंडाची स्वतंत्र शाखा आढळते. कंट्रोलशेजारी बसलेला नमुना बहुधा पिपेटवरून आलेला असतो. मूळ मेंदूपासून, दुसऱ्या खोलीत, नव्या अभिकर्मकांनी काम पुन्हा करा. प्रत्येक फेरीत पाण्याचा निगेटिव्ह कंट्रोलही सिक्वेन्सिंगपर्यंत न्या.

पोकळ जागा भरू नका

नॅनोपोअर या सिक्वेन्सिंग यंत्रावर पूर्ण जीनोम वाचताना साधारण ४०० अक्षरांचे एकमेकांवर चढणारे तुकडे वाढवले जातात. प्रायमर एका शाखेवर बेतलेले असतील तर दुसऱ्या शाखेच्या विषाणूत काही तुकडे वाढतच नाहीत. त्या जागी काही प्रोग्राम संदर्भ जीनोमची (तुलनेसाठी घेतलेल्या ज्ञात विषाणूची) अक्षरं गुपचूप भरतात. आपला विषाणू मग संदर्भाकडे, म्हणजे बरेचदा परक्या देशाकडे, ओढला जातो. वीसपेक्षा कमी वेळा वाचलेल्या जागी ‘एन’ (इथे अर्थ ‘अक्षर अज्ञात’) लिहा आणि प्रायमरची अक्षरं दोन्ही टोकांनी कापा. ती अक्षरं विषाणूची नसून आपण विकत आणलेली असतात.

अर्धा जीनोम एका शाखेचा आणि अर्धा दुसरीचा निघाला, तर ‘पुनर्संयोजन’ (दोन विषाणूंच्या जीनोमची सरमिसळ) हा शब्द तोंडावर येईल. ऋण धाग्याच्या विषाणूंत ते फार दुर्मिळ. आधी दोन नमुन्यांची नळी एकत्र झाली का, ते बघा.

तंतोतंत जुळलं, पण म्हणजे काय?

इथे घाई सर्वांत महागात पडते. कुत्र्यांतल्या रेबीजचा जीनोम दर अक्षरामागे वर्षाला साधारण ०.०००२ बदल या वेगाने बदलतो. १२,००० अक्षरांवर म्हणजे वर्षाला जेमतेम दोन-तीन बदल. एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जायला सरासरी २५ दिवस धरले, तर वर्षात चौदा-पंधरा पिढ्या होतात. सहा-सात पिढ्यांमागे एखादा बदल. म्हणून दोन पूर्ण जीनोम तंतोतंत सारखे निघाले तरी मध्ये चार-पाच महिने आणि कित्येक न सापडलेले कुत्रे असू शकतात.

फक्त एन जनुक, म्हणजे १,३५३ अक्षरं, घेतलं तर एका बदलासाठी जवळपास चार वर्षं लागतात. त्याचा ४०० अक्षरांचा तुकडा घेतला, तर एका बदलाला बारा वर्षं. असा तुकडा मोठी शाखा ओळखायला पुरतो. पण ‘सुरगाण्यात डांगमधून या वर्षी आला’ हे त्याला विचारणं म्हणजे कॅलेंडर बघून घड्याळाची वेळ सांगण्यासारखं.

नोंदवहीतल्या जागा आणि तारखा

माणसाच्या नमुन्यात हॉस्पिटलचा पत्ता हमखास ‘ठिकाण’ म्हणून पडतो. माणसात रेबीज उमटायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, क्वचित वर्षाहून जास्त. चावा पेठ तालुक्यात, मृत्यू मुंबईत. लिहायचं ठिकाण चाव्याचं, आणि चाव्याची व नमुन्याची अशा दोन्ही तारखा. जनावरांसाठी गाव, तालुका आणि अक्षांश-रेखांश. नुसतं ‘नाशिक’ म्हटलं तर इगतपुरीही नाशिक आणि मालेगावही.

वर्षांचा अंदाज बांधण्याआधी टेम्पएस्ट या प्रोग्राममध्ये नमुन्याची तारीख आणि वंशवृक्षाच्या मुळापासूनचं अंतर यांचा संबंध बघा. रेषा सपाट असेल तर पुढची सगळी ‘आगमनाची वर्षं’ सजावटच. जेनबँक या सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यातले प्रयोगशाळेत वाढवलेले जुने विषाणूही इथेच वगळा.

बाणाची दिशा

समजा नाशिकचे ६० नमुने आणि डांगचे ३. साधी ठिकाण-पद्धत (नमुन्यांच्या ठिकाणांवरून त्यांच्या पूर्वजांचं ठिकाण ठरवणारी) वापरली तर नाशिक हाच उगम ठरेल, कारण वृक्षावर तोच सगळीकडे पसरलेला आहे. जिथे प्रयोगशाळा जागी आहे तो प्रदेश ‘निर्यातदार’ ठरतो. देशांच्या सीमेवर हे जास्त बोचतं, कारण अलीकडे भरपूर सिक्वेन्स आणि पलीकडे मोजके, असं नेहमीच असतं. नमुने समसमान करून पुन्हा चालवा, ठिकाणांची नावं मुद्दाम विस्कटून बघा. विस्कटल्यावरही तोच बाण आला तर तो विषाणूचा नव्हे, नमुन्यांच्या संख्येचा आहे. मॅस्कॉट प्रोग्रामसारख्या, प्रत्येक ठिकाणचे विषाणू वेगळा गट धरणाऱ्या रचित पद्धतींत हा कल कमी होतो, पण पलीकडून एकही नमुना नसेल तर कोणतीच पद्धत तुम्हाला वाचवत नाही. वृक्ष काढणाऱ्या आयक्यू-ट्री प्रोग्राममध्ये, फांदीवर किती भरवसा ठेवायचा ते सांगणाऱ्या अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपला १०० पैकी ९५ हवेत. जुन्या बूटस्ट्रॅपच्या सवयीने ७० वर समाधान मानू नका.

कुत्रा पायीच गेला, हेही गृहीत धरू नका. मोरोक्को, अल्जेरिया आणि ट्युनिशियातल्या विषाणूंचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणू कुत्र्याच्या चालीला न परवडणाऱ्या वेगाने, माणसांच्या प्रवासासोबत पसरला होता आणि देशांच्या सीमा मात्र फारशा ओलांडल्या नव्हत्या. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर १९९७ मध्ये रेबीज पोहोचला तो मासेमारीच्या बोटीतून आणलेल्या कुत्र्यांबरोबर. नाशिकहून बघायचं तर मुंबई-आग्रा महामार्गावरचे ट्रक आणि मेंढपाळांच्या वाड्यांबरोबर फिरणारे कुत्रे हे प्रश्न चौकशीच्या फॉर्ममध्येच हवेत. सिक्वेन्स त्यांचं उत्तर देत नाही.

अहवालात वाक्य असं लिहा: ‘या नमुन्याचा सर्वांत जवळचा ज्ञात नातेवाईक अमुक ठिकाणी, अमुक वर्षी सापडला, फरक इतक्या अक्षरांचा, त्या भागातून उपलब्ध सिक्वेन्स इतके.’ हा शेवटचा आकडा लिहायला संकोच वाटत असेल तर बाण काढू नका.