इंग्लंडच्या औद्योगिक वाढीवर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागातल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी मी अर्थशास्त्राच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासतो. औद्योगिक क्रांतीवरचं उत्तर बहुतेक वेळा असंच सुरू होतं: ‘१७६९ साली जेम्स वॅटने पेटंट घेतले आणि इंग्लंडचा कायापालट झाला.’ साल बरोबर आहे, पण त्या ‘आणि’मध्ये साठेक वर्षं गडप झालेली असतात.

शोध कधी लागला आणि तो पसरला कधी, यांतली गल्लत ही सगळ्यात मोठी चूक. इंग्रज गिरणीमालक आर्कराइटची क्रॉमफर्ड गावातली सूतगिरणी १७७१ची. ती वाफेवर नाही, पाण्यावर चालायची. इंग्लंडात पाणचक्क्यांची ताकद १८०० साली वाफेपेक्षा कितीतरी जास्त होती, दोन्ही बरोबरीला आल्या त्या १८३०च्या सुमारास. आजच्या अंदाजांनुसार त्या साठ-सत्तर वर्षांत दरडोई उत्पन्न वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच वाढत होतं. सत्तरला वाढीच्या दरानं भागा: या वेगानं उत्पन्न दुप्पट व्हायला १४० वर्षं लागतात. ‘कायापालट’ लिहिण्याआधी एवढा हिशेब करून पाहा.

दुसरी चूक म्हणजे यंत्र चांगलं असलं की सगळे ते घेतातच, असं धरून चालणं. याचं उत्तर आपल्या नागपूरच्या गांधीसागर तलावाशेजारीच आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झाली. पुढच्या दशकात तिथे रिंग स्पिंडल, म्हणजे सूत कातायची नव्या पद्धतीची यंत्रं, बसली. इंग्लंडातला कापडगिरण्यांचा मुलूख लँकेशायर मात्र कातायच्या जुन्या म्यूल यंत्रांना धरून राहिला. का? तिथे म्यूल चालवणारे कसबी कामगार पिढ्यानपिढ्या तयार होते. शिवाय सूत एका गावात कातायचं आणि दुसऱ्या गावात विणायचं, अशी तिथली रीत. रिंगच्या जड लाकडी कांड्या रेल्वेनं इकडून तिकडे न्यायच्या म्हणजे भाड्याचा भुर्दंड. नागपुरात कातणं-विणणं एकाच आवारात होतं, कांडी या खात्यातून त्या खात्यात जायची, आणि रिंगवर नवा माणूसही लवकर तयार व्हायचा. यंत्र तेच, पण मजुरी, कसब आणि वाहतूक यांचं गणित वेगळं. भांडवलशाहीची वाढ समजून घ्यायची तर हे गणित मांडावंच लागतं, नुसती शोधांची यादी पाठ करून भागत नाही.

‘मुक्त व्यापारामुळे इंग्लंड वाढलं’ हे वाक्य तर सरळ खोडा. हिंदुस्थानी छापील कापडावर तिथे १७०० आणि १७२१ साली कायद्यानं बंदी आली. कापडाची यंत्रं देशाबाहेर न्यायला १८४३पर्यंत मनाई होती. धान्यावरची संरक्षक जकात काढायचा कायदा १८४६चा. आधी भिंत बांधली, दार नंतर उघडलं.

भाववाढीला वाढ समजू नका. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५, कापसाचे भाव भडकले आणि वऱ्हाडात पैसा आला. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ला, तोवर ती तेजी ओसरली होती. आकडा दिसला की दोन गोष्टी विचारा: चालू भावानं की स्थिर भावानं (म्हणजे भाववाढ वजा करून)? एकूण की दरडोई?

आणि शेवटचं चुकीचं वाक्य: ‘गिरणी आली, हातमाग संपला’. मँचेस्टरच्या कापडानं आपल्या विणकरांचं फार नुकसान केलं, हे खरंच. पण नागपूरचे कोष्टी गिरणीचंच सूत विकत घेऊन लुगडी आणि धोतरं विणत राहिले. कातणं गेलं, विणणं टिकलं. हे दोन व्यवसाय उत्तरात वेगळे ठेवा. पाचपावली या नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीकडून येणाऱ्या काही मुलांच्या घरी आजोबांचा माग होता, आणि तीच मुलं हे वाक्य लिहितात. पेपर परत देताना मी समासात लिहितो: आजोबा सूत कुठून आणायचे, घरी विचारून ये.